पाऊस डोंगरावर, लोंढा पायथ्याशी

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातली दुपार होती. खारघरच्या डोंगराच्या पायथ्याशी, आमच्या इमारतीमागून जो नाला जातो तो हिवाळा संपता संपता कोरडा पडतो, आणि मग पावसाळ्यापर्यंत त्याच्या दगडगोट्यांतून पलीकडे जाणारी पायवाट ही आम्हा सर्वांचीच रोजची वाट होऊन बसते. मी कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवते. त्या दिवशी दोन विद्यार्थिनींना बेसॉल्टच्या पोकळ्यांत जमलेले पांढरे स्फटिक दाखवायला मी त्या नाल्यात घेऊन गेले होते. डोक्यावर लख्ख ऊन होते. डोंगराच्या मागे आभाळ काळेनिळे झाले होते आणि अधूनमधून गडगडत होते. पण ते लांब होते आणि आमच्या अंगावर एक थेंबही पडलेला नव्हता.

सर्वांत आधी वास आला. ओल्या मातीचा, आणि त्यात मिसळलेला कुजक्या पाल्याचा. मग दगडावर दगड घासत यावा तसा एक बारीक, सलग आवाज येऊ लागला. “मॅडम, वरच्या रस्त्याने डंपर चाललाय का?” असे एकीने विचारले, तोवर वळणावर ते दिसले. आधी आले ते पाणी नव्हतेच. वाळका पाला, काटक्या, प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि तपकिरी फेस यांची घोटाभर उंचीची एक गुंडाळी माणसाच्या चालीने पुढे सरकत होती, आणि तिच्यामागे गढूळ पाणी होते. आम्ही ज्या काठाला जवळ होतो त्या काठावर चढलो. तो घराकडचा काठ होता हे केवळ आमचे नशीब. दहा मिनिटांनी आम्ही बसलो होतो तो खडक दिसेनासा झाला होता आणि पाणी कमरेएवढे झाले होते. संध्याकाळी गच्चीवरचा माझा पर्जन्यमापक पाहिला, तर त्यात दोन मिलिमीटर पाऊस होता.

त्या दोन मिलिमीटरांनी मला जे शिकवले ते मी वर्गात कितीतरी वर्षे शिकवत आले होते, तरी मला ते उमगले नव्हते. पायथ्याशी राहणाऱ्या माणसाचा पूर त्याच्या डोक्यावरच्या पावसाने येत नाही. तो पाणलोटाच्या माथ्यावरच्या पावसाने येतो, आणि त्या माथ्यावर काय चालले आहे याची बातमी बहुतेक वेळा त्याच्याकडे नसते.

त्या दिवशी हवामान खात्याचा अंदाज चुकला होता का? मुळीच नाही. रायगड जिल्ह्यासाठी पिवळा इशारा होता: तुरळक ठिकाणी मेघगर्जना, विजांचा कडकडाट आणि सोसाट्याच्या वाऱ्यासह पाऊस. या शब्दांना नेमका अर्थ आहे. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या क्षेत्रातल्या जास्तीत जास्त पंचवीस टक्के केंद्रांवर, आणि ‘काही ठिकाणी’ म्हणजे त्याहून अधिक, पण निम्म्यापर्यंत. पिवळ्याचा अर्थ लक्ष ठेवा, नारिंगीचा अर्थ सज्ज राहा आणि लाल रंगाचा अर्थ प्रत्यक्ष कृती करा. आम्ही त्या तुरळक ठिकाणांपैकी एकाच्या खालच्या अंगाला बसलो होतो, इतकेच.

इथे आमच्या भागाची एक वेगळी अडचण आहे. आम्ही पत्ता लिहिताना नवी मुंबई लिहितो, पण खारघर आणि पनवेल रायगड जिल्ह्यात येतात, आणि डोंगराच्या पलीकडचे बेलापूर ठाणे जिल्ह्यात. रायगड जिल्ह्याचा इशारा उरणच्या खाडीकाठापासून ते महाबळेश्वरच्या पायथ्याशी असलेल्या पोलादपूरपर्यंत सगळ्यांसाठी एकच असतो. ढगाला जिल्ह्याची हद्द कळत नाही. म्हणून मी रोज दोन्ही जिल्ह्यांचे इशारे वाचते आणि त्यांपैकी जो कडक असेल तो आपला मानते. डोंगराच्या कुशीत राहणाऱ्या ठाणे, कळवा, ऐरोली, बेलापूर आणि खारघर या सर्व ठिकाणच्या वाचकांना मी हेच सांगेन.

वळवाचा ढग डोंगरालाच का पसंत करतो, हे समजून घेतले की अंदाजातली अनिश्चितता आपोआप समजते. मेमध्ये समुद्रावरची हवा ओलीचिंब असते. सकाळी दहा-अकरानंतर जमीन तापते आणि खारे वारे ही ओल आत, सह्याद्रीच्या दिशेने ढकलू लागतात. आपल्याला घामाच्या धारा लागतात त्या याच ओलाव्यामुळे. पण नुसत्या ओलाव्याने पाऊस पडत नाही. दख्खनच्या पठारावरून येणारी उष्ण, कोरडी हवा किनारपट्टीच्या वर, साधारण दीड-दोन किलोमीटर उंचीवर पसरलेली असते, आणि खालून वर येऊ पाहणाऱ्या हवेवर ती पातेल्यावरच्या झाकणासारखी बसते. म्हणूनच मे महिन्यातले कितीतरी दिवस नुसत्या उकाड्याचे जातात. ढग जमतात, फुगतात आणि विरून जातात. झाकण उचलायला काहीतरी लागते, आणि ते काम डोंगर करतो. उतारावर आपटलेली हवा वर चढते, उन्हाने तापलेला कातळ तिला आणखी ढकलतो, आणि वर चढताना किलोमीटरमागे जवळपास दहा अंशांनी थंड होणारी ती हवा एकदा बाष्पाचे पाणी करू लागली की त्या पाण्यातून सुटणारी उष्णता तिलाच पुढे रेटते. मग तासाभरात बारा-पंधरा किलोमीटर उंचीचा, माथ्यावर ऐरणीसारखा पसरट झालेला ढग उभा राहतो. हाच क्युम्युलोनिम्बस.

आणखी एक गोष्ट. पावसाळ्यात आपल्याकडे पाऊस समुद्राकडून येतो, म्हणून आपली नजर सवयीने पश्चिमेकडे जाते. वळवाचे मात्र अनेकदा उलटे असते: माथेरान, कर्जत, खंडाळा अशा घाटाच्या बाजूला दुपारी तयार झालेले ढग वरच्या थरातल्या पूर्वेच्या वाऱ्यांबरोबर संध्याकाळी आपल्याकडे सरकतात. ऑक्टोबरातही हेच होते. मे महिन्यात दुपारी तीननंतर पश्चिमेची खिडकी उघडून काही कळत नाही, पूर्वेची उघडावी लागते.

हे सगळे हवामानतज्ज्ञांना अर्थातच माहीत असते, आणि त्यांच्यापुढचा प्रश्न किती अवघड आहे हे आपण नीट समजून घेतले पाहिजे. सांताक्रूझहून रोज पहाटे साडेपाच आणि संध्याकाळी साडेपाच या वेळांना धरून फुगा सोडला जातो. त्यावरून वरच्या हवेचे तापमान, ओलावा आणि वारा कळतो. पहाटेच्या फुग्यावरून तज्ज्ञ सांगू शकतात की आज मसाला भरपूर आहे, झाकण पातळ आहे, दुपारनंतर गडगडाटी पाऊस होण्याची शक्यता आहे. पण कोणत्या डोंगरावर ठिणगी पडेल हे पहाटे ठरलेलेच नसते. ते दुपारच्या उन्हावर, खाऱ्या वाऱ्यांच्या आत घुसण्यावर आणि आधीच्या ढगाने सोडलेल्या गार झोतावर ठरते. २६ मे २०२५ रोजी देशात भारत फोरकास्ट सिस्टम ही नवी प्रणाली सुरू झाली आणि तिने हवेचे गणित सहा किलोमीटरच्या चौकटीत मांडायला सुरुवात केली. आधीची चौकट बारा किलोमीटरची होती, त्यामुळे ही सुधारणा मोठी आहे. तरीही सहा गुणिले सहा म्हणजे छत्तीस चौरस किलोमीटरचा एक तुकडा, आणि आमच्या नाल्याचे सगळे पाणलोट क्षेत्र नकाशावर मोजले तर जेमतेम दोन चौरस किलोमीटर भरते.

योगायोग असा की त्याच २६ मे २०२५ रोजी मोसमी पाऊस मुंबईत पोहोचला, नेहमीच्या ११ जूनपेक्षा सोळा दिवस आधी. वळीव कुठे संपला आणि मोसमी पाऊस कुठे सुरू झाला हे त्या वर्षी माझ्या वहीत वेगळे काढताच आले नाही.

जागेजागेत फरक किती पडू शकतो याचे आपल्याकडचे सर्वांत मोठे उदाहरण वळवाचे नाही, भर पावसाळ्याचे आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच मुंबईच्या दक्षिण टोकाला, कुलाब्याला, ७३ मिलिमीटर. एका दिवसात २०४.४ मिलिमीटरच्या वर गेला की त्याला ‘अतिअतिवृष्टी’ म्हणतात. म्हणजे एका केंद्रावर त्या मर्यादेच्या साडेचार पटींहून अधिक आणि दुसऱ्यावर जेमतेम जोरदार. हे आकडे सकाळी साडेआठ ते दुसऱ्या सकाळी साडेआठ असे मोजले जातात, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे, कारण चोवीस तासांच्या आकड्यात नाल्याचा धोका दिसत नाही. चोवीस तासांत संथपणे पडलेले साठ मिलिमीटर आमचा नाला गुपचूप वाहून नेतो. तेच साठ मिलिमीटर चाळीस मिनिटांत पडले तर तो मोरीच्या, म्हणजे नळ्यांच्या छोट्या पुलाच्या, वरून जातो.

याचा हिशेब मी मुलांना फळ्यावर करून दाखवते आणि तो प्रत्येकाने एकदा स्वतः करून पाहावा अशी माझी इच्छा आहे. एक चौरस किलोमीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की दहा लाख लिटर पाणी होते. दोन चौरस किलोमीटरवर अर्ध्या तासात चाळीस मिलिमीटर पडला की आठ कोटी लिटर. त्यातले निम्मे जमिनीने पिऊन घेतले असे धरले तरी चार कोटी लिटर उरते, आणि ते पाऊण तासात नाल्यातून गेले तर दर सेकंदाला पंधरा हजार लिटर. उन्हाळ्यात आमच्या सोसायटीत दहा हजार लिटरचा टँकर येतो. तसे दीड टँकर, दर सेकंदाला, पाऊण तास. ही कल्पना केली की वर्ग एकदम शांत होतो.

निम्मे पाणी जमीन पिते हेसुद्धा मी उदारपणे धरले आहे. मे महिन्यात डोंगराची स्थिती पिण्यासारखी नसते. वरची माती वीतभर, तिच्याखाली काळा कातळ. गवत वाळून गेलेले, कितीतरी उतारांवर वणव्याने जळून राख झालेले. राखेच्या आणि उन्हाने घट्ट झालेल्या मातीच्या थरावरून पहिला जोरदार पाऊस मुरण्याआधीच घसरतो. जुलैमध्ये कारण वेगळे, परिणाम तोच: माती आधीच पाण्याने भरलेली असते, तिच्यात जागाच उरलेली नसते.

अचानक येणाऱ्या पुराच्या अंदाजाचे शास्त्र याच प्रश्नावर उभे आहे. किती पाऊस पडेल एवढ्यावर ते थांबत नाही; या जमिनीवर, या अवस्थेत, किती वेळात किती पाऊस पडला तर हा ओढा काठोकाठ भरेल, हा त्याचा खरा प्रश्न असतो. तो उंबरठा आधी काढून ठेवायचा आणि मग रडार, उपग्रह व पर्जन्यमापक यांवरून येणारा पाऊस त्याच्याशी ताडून पाहायचा. ऑक्टोबर २०२० मध्ये भारत, बांगलादेश, भूतान, नेपाळ आणि श्रीलंका यांच्यासाठी अशी एक प्रणाली सुरू झाली. आपले हवामान खाते ती चालवते आणि पाणलोटागणिक सहा तास आधी धोक्याची व चोवीस तास आधी जोखमीची सूचना देते. तिच्यात मातीतल्या ओलाव्याचा हिशेब असतो, आणि माझ्या मते तीच तिची सर्वांत मोलाची गोष्ट आहे.

नदी जितकी लहान, तितका वेळ कमी. उल्हास नदी खंडाळ्याकडच्या डोंगरात उगम पावते आणि बदलापूरला येईपर्यंत तिला बरेच ओढे मिळतात. २७ जुलै २०१९ रोजी तिच्या पुरात बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली आणि सुमारे एक हजार पन्नास प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावे लागले. तशा नदीच्या काठी वरच्या पावसाची बातमी पोहोचायला काही तास मिळतात. आमच्यासारख्या नाल्याला मिनिटे मिळतात.

डोंगराच्या पायथ्याशी अशी मिनिटे कशी निसटतात याची एक परदेशी हकीकत मी दरवर्षी सांगते. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात, रॉकी पर्वताच्या पूर्व बाजूला, बिग थॉम्पसन नदीची अरुंद घळ आहे. ३१ जुलै १९७६ च्या शनिवारी संध्याकाळी ती पर्यटकांनी भरलेली होती, कारण दुसऱ्या दिवशी त्या राज्याच्या स्थापनेला शंभर वर्षे होणार होती. खालून ओलसर पूर्वेचे वारे डोंगरावर चढत होते आणि वरच्या थरातले वारे मंद होते, त्यामुळे चढलेला ढग पुढे गेलाच नाही. तो एकाच जागी उभा राहून बरसला. चारेक तासांत तीनशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडला. घळीच्या खालच्या टोकाला असलेल्या लोकांवर फारसा पाऊस नव्हता. १४४ माणसे गेली, आणि त्यांपैकी अनेक जण मोटारीने घळीतून खाली निसटू पाहत होते. त्यानंतर त्या भागातल्या घाटरस्त्यांवर पाट्या लागल्या: अचानक पूर आला तर जीव वाचवण्यासाठी वर चढा. गाडी सोडून काठाने पंधरा-वीस मीटर वर गेलेला माणूस अशा वेळी वाचू शकतो. पाण्याशी शर्यत लावणारा बहुधा नाही.

वरचे वारे मंद असणे ही खूण मी तेव्हापासून धरून ठेवली आहे. रडारचे चित्र उघडले की मी रंगाच्या आधी हालचाल पाहते. दहा-पंधरा मिनिटांच्या अंतराने घेतलेली दोन-तीन चित्रे शेजारी ठेवायची आणि जोरदार पावसाचा लाल-जांभळा ठिपका सरकतो आहे की जागीच आहे हे बघायचे. सरकणारा ठिपका वीस मिनिटे झोडपून निघून जातो. जागचा न हलणारा, किंवा ज्याच्या मागून त्याच वाटेने दुसरा आणि तिसरा येतो आहे असा ठिपका आमच्या नाल्यासाठी खरा धोक्याचा. मुंबईत कुलाब्याला डॉप्लर रडार आहे आणि जानेवारी २०२२ मध्ये वेरावलीलाही दुसरे सुरू झाले. या दोहोंच्या चित्रांत कधी फरक दिसला तर गोंधळून जाऊ नये. कुलाब्याच्या रडारची लहर सुमारे दहा सेंटिमीटरची आहे आणि वेरावलीची सुमारे पाच. आखूड लहर मुसळधार सरीतून जाताना क्षीण होते, म्हणून जवळच्या जोरदार सरीच्या मागे लपलेली दुसरी सर तिला फिकी दिसू शकते. शिवाय पृथ्वीच्या गोलाईमुळे रडारचा किरण लांब जाईल तसा उंच होतो, आणि मध्ये डोंगर आला की त्याच्या आडोशाचे खालचे काही दिसत नाही.

रडारच्याही आधी वीज बोलते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने बनवलेले ‘दामिनी’ ॲप आसपास कुठे विजा पडत आहेत ते दाखवते, आणि डोंगरावर ढग वाढू लागल्याचे ते माझ्यासाठी बहुधा पहिले चिन्ह असते. फोन नसेल तेव्हा जुना हिशेब आहेच: वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत जितके सेकंद, त्यांना तीनने भागले की किलोमीटर. हे अंतर डोक्यावरच्या ढगाचे नसून डोंगरावरच्या ढगाचे आहे, आणि ते कमी होत नसेल तर सुटकेचा निःश्वास टाकायचा नाही, कारण ढग जागचा हलत नाही असाच त्याचा अर्थ होतो.

मग तो गार वारा. दिवसभराच्या काहिलीनंतर अचानक गार झुळूक आली की सगळे बाल्कनीत येऊन उभे राहतात. ती ढगातून कोसळलेल्या थंड हवेची लाट असते. म्हणजे जवळपास कुठेतरी पाऊस सुरू झालेला आहे. १३ मे २०२४ रोजी अशीच लाट धुळीचे लोट घेऊन मुंबई-ठाण्यावर आली. आमच्या खिडकीतून रोज दिसणारा डोंगर पाहता पाहता पुसला गेला. त्याच वादळात घाटकोपरला महाकाय होर्डिंग कोसळून सतरा जणांचा जीव गेला. वळीव म्हणजे आनंदाचा पहिला पाऊस हे आपल्या मनात इतके पक्के बसले आहे की त्याच्या वाऱ्याची आणि लोंढ्याची भीती आपल्याला जून उजाडल्याशिवाय वाटत नाही.

हे सगळे पाहूनही एक प्रश्न उरतच होता. माथ्यावर प्रत्यक्षात किती पडला? रडार अंदाज देते, माझी गच्ची खालचे सांगते. वर मोजणारे कोणी नव्हते. डोंगरावर चाफेवाडी आणि फणसवाडी हे आदिवासी पाडे आहेत. तिथल्या एका घरी माझे येणे-जाणे आहे. घरातल्या आजोबांना मी लोंढ्याची गोष्ट सांगितली तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “बाई, वर पडायला लागला की आम्हाला माहीत असतं, खाली काय होणार ते. पण तुम्हाला सांगायचं कसं?” त्यांनी विचारलेला प्रश्नच आमच्या कामाची सुरुवात ठरला.

त्यांच्या अंगणातल्या एका खांबावर, झाडांपासून मोकळ्या जागी, आम्ही सरळ उभ्या कडांचा एक पारदर्शक प्लॅस्टिकचा डबा बसवला. कडा सरळ असल्या की डब्याचे तोंड किती मोठे याने फरक पडत नाही. आत जेवढी उंची जमली तेवढा पाऊस. तळापासून पट्टीने मोजून दोन रेघा मारल्या. लाल रेघ वीस मिलिमीटरवर, निळी दहावर. आजोबांच्या सूनबाईंना मी घड्याळ लावून मिनिटे मोजायला सांगत होते, तर त्या म्हणाल्या, “ताई, घड्याळ कशाला? चुलीवर भात टाकला आणि तो शिजायच्या आत रेघ गाठली तर जोराचा.” आम्ही दोन-तीनदा घड्याळ लावून पाहिले, त्यांचा भात वीस ते पंचवीस मिनिटांत होतो. मला हवे होते तेच माप. डोंगर कोरडा असताना भात शिजायच्या आत लाल रेघ, आणि आदल्या दिवसांत पाऊस होऊन डोंगर भिजलेला असताना निळी रेघ गाठली, की त्यांनी मला एक मिस्ड कॉल द्यायचा. वर नेटवर्क मोजकेच येते, बोलणे होत नाही, पण घंटा एकदा वाजते. तेवढी पुरते.

घंटा वाजली की मी मोरीजवळच्या इमारतीच्या वॉचमन काकांना फोन करते. मे महिन्यात कोरड्या नाल्यात मुलांचे क्रिकेट चालते. सपाट जागा दुसरीकडे उरलेली नाही. काका शिट्टी मारून मुलांना वर काढतात आणि पायवाटेवर दोरी बांधतात. मी मोरीच्या भिंतीवर रंगाने आकडे काढले आहेत, त्यांवरून पाणी कधी चढले ते वहीत लिहिते. घंटा आणि मोरीवर पाणी चढणे यांत आजवर कधी पंचवीस मिनिटे गेली, कधी चाळीस. दोनदा घंटा वाजूनही नाला नुसता ओला झाला आणि मुलांचा सामना उगाच मोडला म्हणून ती माझ्यावर रुसली. मी त्यांना वही दाखवली आणि ते दोन दिवसही त्यांच्यासमोरच लिहून ठेवले, कारण चुकलेला इशारा लपवला तर पुढच्या इशाऱ्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही.

एका गोष्टीचे मात्र मला खरोखर दुःख आहे. मोरीच्या तीन नळ्यांपैकी एक बांधकामाच्या राडारोड्याने बुजलेली आहे. संबंधित कार्यालयात मी तीन उन्हाळे अर्ज देते आहे. पोच मिळते, काम होत नाही. बुजलेल्या मोरीमागे काटक्या आणि प्लॅस्टिक अडकून पाण्याचा तात्पुरता बांध तयार होतो, आणि तो फुटतो तेव्हा साठलेले पाणी एकदम सुटते. अशा वेळी वरच्या पावसावरून काढलेला माझा सगळा हिशेब खोटा ठरतो, कारण लोंढ्याची उंची मग पाऊस ठरवत नाही, तो कचरा ठरवतो.

पावसाळ्यात फिरायला येणाऱ्यांविषयीही लिहिले पाहिजे. जुलै २०२१ मध्ये खारघरच्या डोंगरावर फिरायला गेलेले ११६ जण ओढ्याचे पाणी वाढल्याने पलीकडे अडकले आणि अग्निशमन दलाने त्यांना शिड्या व दोर लावून काढले. त्यांपैकी बहुतेकांनी सकाळी तो ओढा घोट्याएवढ्या पाण्यातून ओलांडला असणार. ओढा ओलांडताना मनाशी विचारावे की परतताना तो भरलेला असेल तर माझ्याकडे दुसरी वाट आहे का. नसेल तर अलीकडेच थांबावे. नितळ पाणी गढूळ झाले, त्यात पाला-काटक्या दिसू लागल्या, किंवा पाण्याचा आवाज जाडसर झाला, तर डोक्यावर ऊन असले तरी काठ चढावा. वेगाच्या पाण्यात पंधरा सेंटिमीटर खोलीसुद्धा उभ्या माणसाला पाडू शकते, आणि साठ सेंटिमीटर पाणी बहुतेक मोटारींना वाहून नेते. कोणी पलीकडे अडकले असेल तर तिथेच उंचावर बसून राहावे. लहान ओढ्याचे पाणी जसे झटकन चढते तसे ते दोन-तीन तासांत उतरतेही. त्या दोन तासांची घाई करून लोक जिवाला मुकतात.

यंदा मी दुसरा डबा घेतला आहे. वाडीतला डबा ज्या धारेवर आहे तिचे पाणी आमच्या नाल्याला निम्मेच मिळते. उरलेले उत्तरेकडच्या सोंडेवरून येते, आणि गेल्या वर्षी एकदा घंटा न वाजताच पाणी चढले ते तिकडूनच. त्या सोंडेवर घर नाही. गुरे घेऊन जाणारा एक मुलगा दुपारी तिथे असतो, त्याच्याकडे फोन आहे, आणि सूनबाईंनी त्याला विचारून ठेवले आहे. त्याला भाताचे माप उपयोगाचे नाही, म्हणून वेळेसाठी दुसरे काहीतरी शोधायचे आहे. रविवारी पहाटे, ऊन चढायच्या आत, पट्टी आणि रंग घेऊन आम्ही वर जाणार आहोत.